शेजारच्या टेबलावरचं बोलणं कानात शिरायचं कसं थांबलं

बाणेरमधलं आमचं ऑफिस म्हणजे सलग एकच हॉल. तिथे खरा त्रास आवाजाचा नाही, शब्दांचा होता. एसीची घरघर दिवसभर चालते, तिचं काही वाटत नाही. पण पलीकडे कुणी फोनवर "अहो, इन्व्हॉइस परत आलंय" म्हणालं की हातातलं काम सुटतंच.

मग साउंड मास्किंग, म्हणजे बोलण्यातले शब्द झाकून टाकणारा आवाज, बसवून घेतलं. फॉल्स सीलिंगच्या वर छोटे स्पीकर, त्यांतून एकसारखा मंद आवाज, साधारण ४५ डेसिबल. नुसता व्हाइट नॉइज, म्हणजे जाड-बारीक सगळे सूर सारख्याच जोरात असलेला आवाज, लावू नका, त्याची सरसर कानाला टोचते. वरच्या फ्रिक्वेन्सींचा, म्हणजे बारीक सुरांचा, जोर उतरता ठेवला की तोच आवाज एसीच्या वाऱ्यासारखा वाटतो. ४८च्या पुढे मात्र जाऊ नये. लोक आवाज चढवून बोलायला लागतात आणि सगळं मुसळ केरात.

सुरुवातीला अगदी कमी ठेवून रोज थोडाथोडा वाढवला, त्यामुळे कुणाला खटकलं नाही. आता दोन-तीन टेबलं सोडून चाललेलं बोलणं नुसतं पुटपुटणं वाटतं, शब्द कळत नाहीत. अगदी शेजारच्या खुर्चीवरचं ऐकू येतंच. त्यासाठी टेबलांमध्ये फेल्टची पार्टिशनं लावली आणि लांबलचक कॉल मीटिंग रूममध्येच घ्यायचे असं सगळ्यांनी मिळून ठरवलं.