साडेतीन वर्षांच्या लेकीसोबत सिंगापूर: आधी तिचं घड्याळ बघा

चिऊ साडेतीन वर्षांची असताना आम्ही चौघं सिंगापूरला जाऊन आलो. मी, नवरा, चिऊ आणि सासूबाई. नाशिकहून गाडीने मुंबई, तिथून रात्रीचं विमान, सहा दिवसांचा मुक्काम. परत आल्यापासून चिऊच्या शाळेतल्या दोन-तीन मुलांच्या आया मला रोज काही ना काही विचारतात, म्हणून आमच्या उपयोगी पडलेलं सगळं इथे लिहिते.

सुरुवात पासपोर्टपासून. आपला पासपोर्ट 10 वर्षांचा असतो, मुलांचा 5 वर्षांचाच. जन्मल्यावर हौसेने काढून ठेवलेला पासपोर्ट बालवाडीत जाईपर्यंत संपत आलेला असतो, आणि प्रवासाच्या तारखेला तो अजून सहा महिने तरी चालू असावा लागतो. तेव्हा तिकिटाआधी ती तारीख बघा. नवीन काढायचा असेल तर दोन्ही पालकांच्या सह्यांचं घोषणापत्र लागतं. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो आपणच घेऊन जायचा असतो. व्हिसाही मुलाचा वेगळा. सिंगापूरचा व्हिसा इथून अधिकृत एजंटकडून करतात. तिथे पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत प्रत्येकाचं, म्हणजे मुलाचंसुद्धा, एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापुरात शिरण्याआधीचा फॉर्म, ऑनलाइन भरायचं. ते सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. कुणी पैसे मागितले तर ते पान बंद करा.

आता खाऊबद्दल, कारण इथे आम्ही थोडक्यात वाचलो. माझ्या आईने चिऊसाठी डिंकाचे लाडू करून पाठवले होते. नवऱ्याची चुलतबहीण तिकडे राहते. निघण्याच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला आणि तिचा पहिला प्रश्न होता, "वहिनी, लाडवांत खसखस आहे का?" होती, भरपूर होती. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी, आणि सिंगापुरात ती आणायला बंदी आहे. दुबईतही तसंच. आपल्याकडे खसखस लाडवात, करंजीच्या सारणात, अनारशांवर, कितीतरी घरांच्या मसाल्यातसुद्धा असते, आणि ज्याने डबा भरला त्याला ते आठवतंच असं नाही. लाडू नाशिकलाच राहिले. आईला वाईट वाटलं, पण तिला मी समजावून सांगितलं. तुम्हीही कुणाच्या घरून आलेला डबा भरण्याआधी हा एक प्रश्न विचाराच. च्युइंगमही नेऊ नका.

त्याऐवजी मी मेतकूट, थालीपीठाची कोरडी भाजणी, उपम्याचा भाजलेला रवा आणि छोटा राइस कुकर नेला. तिथली वीज आपल्यासारखीच 230 व्होल्टची आहे, फक्त प्लगच्या पिना चौकोनी असल्याने अडॅप्टर लागतो. मऊ भात, मेतकूट आणि वरून तूप एवढ्यावर चिऊची रोजची एक वेळ निभावली. तूप, लोणचं मोठ्या सामानात टाका, हातातल्या बॅगेत नको. लिटल इंडियातल्या टेक्का सेंटर या बाजारात इडली-डोसे मिळतात. आश्चर्य म्हणजे चिऊला तिथला काया टोस्ट फार आवडला. काया म्हणजे नारळाचं दूध आणि अंडी घालून केलेला जॅम.

विमान साधारण साडेपाच तासांचं. मूल दोन वर्षांचं झालं की त्याला स्वतःची सीट घ्यावीच लागते, आणि त्यावर खर्च झाला तरी आमची झोप तिच्या सीटमुळेच झाली. उतरायला अर्धा तास उरला की मुलाला जागं करा आणि स्ट्रॉच्या बाटलीतून घोट घोट पाणी पाजत राहा. झोपेत गिळणं कमी होतं आणि कान दुखायला लागतात. हातातल्या बॅगेत मुलाचे दोन जोड कपडे ठेवाल, त्यासोबत स्वतःचा एक कुर्ताही ठेवा. उलटी मुलाच्या अंगावर होते तशी आपल्याही होते.

बाबागाडी विमानाच्या दारापर्यंत नेता येते. तिथे टॅग लावताना मी विचारलं नाही की ती परत कुठे मिळणार. ती निघाली थेट सामानाच्या पट्ट्यावर. झोपलेल्या 14 किलोंना खांद्यावर घेऊन चांगीचा तो लांबलचक विमानतळ चालताना नवऱ्याचा हात भरून आला. त्याहून मोठी चूक हॉटेलची. आम्ही सकाळी पोहोचलो आणि खोली मिळणार दुपारी तीनला. पेंगुळलेली मुलगी आणि 64 वर्षांच्या सासूबाई पाच तास लॉबीत बसल्या. रात्रीचं विमान असेल तर आदल्या रात्रीपासूनच खोली घ्या. एका रात्रीचं भाडं जास्त जातं, पण पहिला दिवस वाचतो.

आता मुख्य गोष्ट. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. चिऊ घरी रात्री साडेनऊला झोपते, सातला उठते. म्हणजे तिथले रात्रीचे बारा आणि सकाळचे साडेनऊ. पहिल्या रात्री मी तिला तिथल्या नऊला झोपवायला गेले. दीड तास गोष्टी, गाणी, शेवटी रडारड. दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगं, तिच्या पोटातलं घड्याळ नाशिकचं आहे. राहू दे की सहा दिवस."

आणि आम्ही ते राहू दिलं. सकाळी तिला उठवलं नाही. सासूबाई आणि मी आळीपाळीने नाश्ता करून यायचो. साडेदहाला बाहेर पडायचं, एक ठिकाण बघायचं. ती घरी दीडला झोपते, म्हणून चारला खोलीवर परत. तिथे दुपारी पाऊस पुष्कळदा येतो, तो आमचा झोपेतच जायचा. साडेसहाला परत बाहेर. सूर्य बारा महिने सातच्या आसपास मावळतो, त्यामुळे बाबागाडी ढकलायला हवाही बरी. गार्डन्स बाय द बे या मोठ्या बागेत सुपरट्री, म्हणजे झाडाच्या आकाराचे उंच मनोरे आहेत, त्यांच्याखालचा दिव्यांचा खेळ पावणेआठ आणि पावणेनऊला असतो, फुकट. पावणेनऊच्या खेळाला आम्ही फरशीवर चादर टाकून आडवे पडलो. आजूबाजूची लहान मुलं पेंगत होती. चिऊच्या लेखी संध्याकाळचे सव्वासहा वाजले होते. ती टक्क जागी होती, आणि आजीच्या पोटावर डोकं ठेवून "अजून, अजून" म्हणत होती. नाइट सफारी, म्हणजे रात्रीचं प्राणिसंग्रहालय, तीही तशीच जमली. संध्याकाळी सव्वासातला ती सुरू होते, ट्रॅमची फेरी चाळीसेक मिनिटांची आहे, आणि लेक शेवटपर्यंत प्राणी शोधत होती. परत आल्यावर सोमवारी शाळेत जायला काही त्रास नाही, कारण घड्याळ बदललंच नव्हतं.

पश्चिमेकडे जाणार असाल तर हा उपाय चालत नाही. उन्हाळ्यात लंडन आपल्यामागे साडेचार तास आहे. नाशिकच्या सातला उठणारं मूल तिथे पहाटे अडीचला उठून बसेल. तिकडे पहिल्या दिवसापासून रोज थोडं थोडं उशिरा झोपवावं लागतं.

फिरण्याचं थोडक्यात: मेट्रोत 0.9 मीटरपर्यंत उंचीच्या मुलाला तिकीट नाही. त्याहून उंच पण सात वर्षांखालच्या मुलासाठी वेगळं मोफत कार्ड असतं. मोठ्यांना आपलं बँकेचं कार्डच टेकवता येतं. मेट्रोत खाणं-पिणं मना आहे, दंड आहे, म्हणून बिस्किटाचा डबा आत उघडू नका. मोबाइलवरून खासगी गाडी मागवली तर 1.35 मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला चाइल्ड सीट हवीच. आम्हाला एका चालकाने पावसात नकार दिला, आणि त्याचं बरोबर होतं. रस्त्यावरच्या टॅक्सीला या नियमातून सूट आहे. तरी माझं मत विचाराल तर सीट असलेली गाडी मागवा, थोडे जास्त पैसे लागले तरी.

गार्डन्स बाय द बेतली लहान मुलांची बाग फुकट आहे, पाण्याची कारंजी आहेत, सोमवारी बंद असते. पोहण्याचे कपडे आणि टॉवेल न्या. सहा दिवसांतलं चिऊचं सगळ्यात आवडतं ठिकाण तेच. आम्ही तिथे दोनदा गेलो आणि त्यासाठी एक महागडं ठिकाण गाळलं.

औषधांचं मात्र नीट करा. निघण्याच्या आठवड्यात आपल्या बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन मुलाचं वजन करून घ्या आणि तापाच्या औषधाचा त्या वजनाचा डोस मिलिलिटरमध्ये लिहून घ्या. ताप, उलटी, सर्दी यांची औषधं, ओआरएसची पाकिटं, थर्मामीटर आणि ती चिठ्ठी, सगळं हातातल्या बॅगेत. प्रवास विम्यात मुलाचं नाव आहे ना, तेही बघा. चौथ्या रात्री दोनला चिऊ तापाने फणफणली, तेव्हा मला हिशोब करायचा नव्हता. चिठ्ठीत बघितलं, औषध दिलं, कपाळावर ओला रुमाल ठेवला. पाचवा दिवस आम्ही खोलीत काढला. खिडकीतून डबलडेकर बस मोजल्या. हिरव्या सत्तेचाळीस झाल्या, मग तिला मेतकूट-भात हवा झाला.