परीक्षा पास झालो, तिकिटं मात्र तीच येत राहिली

सर्व्हिस डेस्कवर, म्हणजे आयटीच्या तक्रारी घेणाऱ्या टीममध्ये, नवीन लागलात की कोणीतरी सांगतंच, "आयटिल फाउंडेशन करून टाक." आयटिल म्हणजे आयटी सेवा कशा चालवायच्या याची पद्धत आणि फाउंडेशन ही तिची पहिली परीक्षा. जरूर करा. फक्त मी केलं तसं करू नका.

मी डम्प, म्हणजे परीक्षेतून बाहेर आलेली प्रश्नोत्तरं, पाठ केले. ४० प्रश्न, ६० मिनिटं, पास व्हायला २६ उत्तरं बरोबर हवीत, सहज निघालो. डम्पवर पास झालेला माणूस पहिल्याच अवघड तिकिटाला (नोंदवलेल्या तक्रारीला) उघडा पडतो, हे माझं ठाम मत आहे, कारण मी पडलोय.

दर सोमवारी सकाळी एकच तक्रार यायची: शेअर्ड ड्राइव्ह उघडत नाही. मी सर्व्हिस रीस्टार्ट करायचो आणि दहा मिनिटांत तिकीट 'रिझॉल्व्ड'. सलग सहा सोमवार. एसएलए, म्हणजे ठरलेल्या वेळेत काम करण्याचं बंधन, हिरवा, मी खूश. सातव्या सोमवारी रीस्टार्टनेही काही होईना आणि ऐन पगाराचं काम अडकलं. टीम लीडने एवढंच विचारलं, "याचा प्रॉब्लेम रेकॉर्ड कुठंय?" मूळ कारण शोधण्यासाठीची ती नोंद मी कधी उघडलीच नव्हती. रविवारच्या बॅकअपच्या लॉग फाइलींनी डिस्क भरत होती. रीस्टार्टने टेंपररी फाइली निघून जायच्या, म्हणून तेवढ्यापुरतं भागायचं.

हे नीट समजून घ्या. सेवा अडली की तो इन्सिडंट. तिथे काम आधी चालू करायचं, कारण नंतर शोधायचं. ती का अडते, हा प्रॉब्लेम. इन्सिडंट बंद झाला म्हणून प्रॉब्लेम मिटत नाही. कारण कळलंय पण दुरुस्ती बाकी आहे, तर तो नोन एरर. त्याचा वर्कअराउंड, म्हणजे तात्पुरता उपाय, लिहून ठेवायचा, म्हणजे रात्रपाळीवाल्याला कोणाला झोपेतून उठवावं लागत नाही. परीक्षेत हा प्रश्न मी बरोबर सोडवला होता!

पुढे लीडने नेटवर्क आणि ॲप्लिकेशनवाल्यांसकट सगळ्यांना एकत्र ट्रेनिंगला बसवलं. दुसऱ्या दिवशी आमचीच गेल्या महिन्यातली तिकिटं समोर ठेवली. तोवर आमच्याकडे सगळंच 'अर्जंट' असायचं. किती जणांचं काम अडलंय आणि किती वेळ थांबता येईल, या दोन प्रश्नांवर प्रायॉरिटी ठरायला लागली आणि हँडओव्हरची भांडणं कमी झाली. एकट्याच्या सर्टिफिकेटने हे झालं नसतं. जुनी तिकिटं तुमच्याबरोबर बसून वाचणारा सीनियर मिळाला तर त्याला सोडू नका. तो कुठल्याही कोर्सपेक्षा मोठा.

नोट्स मात्र तपासून घ्या. २६ प्रोसेस शिकवणाऱ्या असतील तर त्या जुन्या आवृत्तीच्या. २०१९ मध्ये आलेल्या आयटिल ४ मध्ये ३४ प्रॅक्टिसेस आहेत. आणि आयएसओ २०००० हे आयटी सेवा व्यवस्थापनासाठी संस्थेला मिळणारं प्रमाणपत्र आहे, ते आपल्या बायोडेटात घालू नका.

परीक्षेची धास्ती नको, ती अवघड नाही. तारीख घेण्याआधी स्वतःची शेवटची तीस बंद तिकिटं काढा आणि 'रीस्टार्ट केलं' एवढंच लिहिलेली बाजूला करा. त्यात एकाच सर्व्हरची तीन निघाली, तर आजच लीडकडे जा.