डाउन सिंड्रोम असलेलं बाळ घरी आलं की: पहिल्या वर्षांत काय करायचं, कोणी करायचं

डाउन सिंड्रोम हा आजार नाही, म्हणून त्यावर औषधही नाही. शरीरातल्या पेशींत २१व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. हे कारण फ्रेंच डॉक्टर जेरोम लेजून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं. आई ग्रहणात बाहेर पडली, पपई खाल्ली, जास्त काम केलं, यातल्या कशानेही हे होत नाही. घरात कोणी असं बोललं तर त्याच क्षणी थांबवायचं, आणि ते काम बाळाच्या बाबांनी करायचं. आईवर ते सोडू नये.

आधी खात्री करा

चेहऱ्यावरून शंका आली तरी निदान पक्कं होतं ते कॅरिओटाइप या रक्ततपासणीने. तिचा अहवाल जपून ठेवा. सुमारे ९५ टक्के मुलांत एक गुणसूत्र सुटं जास्तीचं असतं. थोड्या मुलांत ते दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं असतं आणि तसं निघालं तर आईबाबांचीही तपासणी लागते, कारण पुढच्या बाळंतपणाशी त्याचा संबंध असू शकतो. तपासणीचा अहवाल यायला वेळ लागतो, पण बारसं त्यासाठी अडवू नका. पाळणा सजवा, नाव ठेवा, पेढे वाटा.

तपासण्यांच्या तारखा कॅलेंडरवर लिहा

लेखातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. या मुलांपैकी साधारण निम्म्यांच्या हृदयात जन्मतः काही दोष असतो. डॉक्टरांना स्टेथोस्कोपने काही ऐकू आलं नाही तरी पहिल्या महिन्यात टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्याच. काही दोषांत शस्त्रक्रिया पहिल्या वर्षातच व्हावी लागते. उशीर झाला तर फुप्फुसांवरचा दाब वाढतो आणि शस्त्रक्रियेची वेळ निघून जाऊ शकते. दूध पिताना धाप लागणं, कपाळाला घाम येणं, वजन न वाढणं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. ओठ निळसर दिसले तर लगेच रुग्णालय गाठा.

थायरॉईडची रक्ततपासणी जन्मानंतर, सहाव्या महिन्यात, वर्षाला आणि पुढे दरवर्षी. थायरॉईड कमी असेल तर बाळ सुस्त होतं, पोट साफ होत नाही, वाढ मंदावते, आणि घरातले म्हणत राहतात, "हे असंच असणार." तसं नसतं. रोजच्या एका गोळीने त्यात फरक पडतो. ऐकण्याची तपासणी जन्मानंतर आणि पुढेही पुन्हा पुन्हा, कारण कानात पाणी साचण्याचं प्रमाण या मुलांत जास्त आहे. कमी ऐकू येणारं मूल बोलायला आणखी मागे पडतं. डोळे सहा महिन्यांच्या आत दाखवा. लसी इतर मुलांसारख्याच, वेळेवर.

खासगी खर्च झेपत नसेल तर आशाताईंना किंवा अंगणवाडीत सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाउन सिंड्रोमचा समावेश आहे. त्यातून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात.

मालिश, उचलणं, भरवणं

या बाळांचे स्नायू सैल आणि सांधे ढिले असतात. मालिशला येणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: पाय धरून उलटं टांगायचं नाही, हात धरून झुलवायचं नाही, हवेत उडवायचं नाही. मानेच्या वरच्या मणक्यांत ढिलेपणा असू शकतो. हलक्या हाताने तेल लावायला काहीच हरकत नाही. बाळ कडेवर घेताना मान-पाठीला आधार द्या, पाय फार फाकू देऊ नका. जागं असताना दिवसातून अनेकदा, थोडा थोडा वेळ पालथं घाला आणि समोर बसून त्याच्याशी बोला. फिजिओथेरपी पहिल्या काही महिन्यांतच सुरू करा.

सहा महिन्यांनंतर गुरगुट्या भात, नाचणीचं सत्त्व सुरू करताना बाळाला ताठ बसवा. चपटा लहान चमचा जिभेच्या मध्यावर हलकेच दाबून ठेवा आणि ओठ मिटायची वाट पाहा. जीभ बाहेर आली म्हणजे नको म्हणतंय असं धरू नका.

बरीच मुलं दोन वर्षांच्या आसपास चालतात, काही चौथ्या वर्षापर्यंत वेळ घेतात. शेजारच्या बाळाशी तुलना नको.

बोलण्याआधी हातवारे

ही मुलं बोलतात त्यापेक्षा खूप जास्त समजतात. म्हणून "पाणी", "हवं", "संपलं" यांसाठी ठरलेल्या खुणा करा, आणि करताना शब्दही उच्चारा. खुणांमुळे बोलणं लांबतं ही भीती खोटी आहे. पाहून शिकणं त्यांना सोपं जातं, तेव्हा घरातल्या माणसांचे फोटो, भाज्यांची चित्रं, मोठ्या अक्षरांतले शब्द भरपूर वापरा.

नातेवाइकांनी

"काही लागलं तर सांगा" असं म्हणू नका. आई सांगणार नाही. त्याऐवजी मंगळवारचा डबा तुमचा, थेरपीला न्यायचं काम तुमचं, असं ठरवून टाका. मोठ्या भावंडाला अधूनमधून एकट्याला बाहेर न्या. सणाला, लग्नाला बाळासकट बोलवा. आणि बुद्धी वाढवण्याच्या पुड्यांचे, बुवाबाबांचे पत्ते पाठवू नका.

कागदपत्रं आणि शाळा

सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करा. तपासणी सरकारी रुग्णालयात होते. लहान वयातलं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र बहुधा तात्पुरतं असतं, त्यामुळे नूतनीकरणाची तारीख लक्षात ठेवा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत १ लाखापर्यंत आरोग्यविमा मिळतो.

तीन वर्षांचं झालं की अंगणवाडीत किंवा बालवाडीत घाला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळची शाळा की विशेष शाळा, ही निवडही त्याची. मुंबईत शिवडीला १९४४ पासून चालणाऱ्या जय वकीलसारख्या विशेष शाळा आहेत. तरी माझं मत असं की आधी गल्लीतल्या शाळेचं दार वाजवावं, कारण रोजचे सवंगडी तिथेच मिळतात. प्रवेश तोंडी नाकारला तर कारण लेखी मागा आणि ते घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा.