ओव्हर देऊनच घरी जा

जीएनएमची (नर्सिंगच्या डिप्लोमाची) 3 वर्षं संपवून सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात रुजू झाले, तेव्हा वाटायचं, आयव्ही (शिरेतली सुई) लावता आली, कॅथेटर (लघवीची नळी) टाकता आला की झालं. हात लवकर बसला. बाकीच्याला वर्ष गेलं.

तिसऱ्या की चौथ्या नाईटला एक आजोबा गेले. सीपीआर झाला, डॉक्टरांनी वेळ लिहिली, वॉर्डातल्या मदतनीस मावशींच्या मदतीने मी त्यांना स्वच्छ करून चादरीत गुंडाळलं आणि शेजारची सलाईन संपली म्हणून तिकडे पळाले. रडू वगैरे आलं नाही. सकाळी घरी येऊन झोपले आणि 11 वाजता दचकून उठले: 14 नंबरचं सहाचं अँटिबायोटिक दिलं होतं का मी? वॉर्डात फोन केला. दिलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोजच.

शेवटी इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, "फोन कर गं, माझं काही नाही. पण तू ओव्हर टेबलाशी उभी राहून देतेस. बेडपाशी जाऊन दे." ओव्हर म्हणजे ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला एकेका पेशंटची माहिती सोपवणं.

तेव्हापासून खिशात छोटी वही असते. काम झालं की तिथल्या तिथे वेळ टाकायची. "नंतर लिहू" म्हटलेलंच दुपारी उठवतं. केसीएल (पोटॅशियम), इन्सुलिन, हेपॅरिन (रक्त पातळ करणारं औषध) भरताना दुसऱ्या सिस्टरला दाखवायचं, ती कितीही घाईत असली तरी. ओव्हर बेड टू बेड. आणि निघताना मनात अडकलेलंही सांगून टाकायचं: "9 नंबरच्या बाईंचं मला ठीक वाटत नाहीये." किंवा नुसतं, "ते आजोबा डोक्यातून जात नाहीत." समोरची बहुतेक वेळा "हं" म्हणते. मला तेवढं पुरतं.

सीनियर सांगतील, सवय होईल. होते. पण सवय झालेल्या काही जणी पेशंटच्या तोंडाकडे बघायच्याच बंद होतात, हेही मी पाहिलंय.

नातेवाइकांचा आवाज चढला तर पाठ दाराकडे ठेवून उभ्या राहा, एकटीने वाद घालू नका, वॉर्डबॉय मामांना आणि सिक्युरिटीला हाक मारा. महाराष्ट्रात 2010 च्या कायद्याने आपल्यावर हात उचलणं अजामीनपात्र गुन्हा आहे. 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रकार मिटला तरी लेखी कळवा.

आणि सगळा ताण आपल्याच मनाचा दोष समजू नका. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषानुसार शिकवणाऱ्या रुग्णालयात 3 खाटांमागे 1 नर्स हवी. आमच्याकडे नाईटला दोघी आणि पेशंट 50 च्या वर, काही जमिनीवर गादी टाकून. एकदा आमच्यासाठी ताणमुक्तीचं शिबिर ठेवलं, तेही नाईट ऑफच्या दिवशी! श्वासाचे व्यायाम चांगलेच, पण त्यांनी रिकामी पदं भरत नाहीत. त्यासाठी मेट्रनकडे (नर्सेसच्या प्रमुखांकडे) अर्ज द्यायचा, सगळ्यांच्या सह्यांनी.

झोप, जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलं, ड्युटीचं नाव काढताच पोटात गोळा येऊ लागला, तर 14416 लावा. टेली-मानसची ही सरकारी सेवा मोफत आहे, रात्रीही चालू असते, मराठीत बोलता येतं. मी दोनदा लावलाय.

वॉर्डात फोन मी अजूनही करते. गेल्या महिन्यात एकदा केला. 22 नंबरचा इन्सुलिनचा डोस. दिला होता.