जुनी मियाटा घरी दुरुस्त करायची तर: पाना हातात घेण्याआधीची तयारी

पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-5, म्हणजे अमेरिकेतली मियाटा, 1989 साली बाजारात आली आणि 1997 पर्यंत बनत राहिली. त्यातली सगळ्यात नवी गाडीसुद्धा आता पंचविशी ओलांडून गेली आहे, त्यामुळे ती घेणाऱ्याने दुरुस्ती गृहीतच धरावी. सुदैवाने घराच्या गॅरेजमध्ये शिकायला इतकी मोकळी, समजणारी स्पोर्ट्स कार दुसरी मिळणं कठीण. फक्त एक पथ्य पाळा: दोष नक्की कुठे आहे हे कळल्याशिवाय एकही पार्ट मागवू नका. या गाडीवर जे पैसे वाया जातात, ते बहुतेक अंदाजाने बदललेल्या पार्टांवर जातात.

म्हणून पहिली तयारी वही-पेनाची. आवाज गार इंजिनला येतो की तापल्यावर, चढावर येतो की उभ्या गाडीत, क्लच दाबला की थांबतो का, हे लिहून काढा. इंजिन सुरू करताच टकटक होते आणि गाडी थोडी चालली की विरते, तर बहुधा हायड्रॉलिक टॅपेटमध्ये (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या छोट्या भागांत) तेल उशिरा पोचतंय. इंजिन उघडण्याआधी ऑइल आणि फिल्टर बदलून पाहा. रात्री इंजिनखाली स्वच्छ पुठ्ठा अंथरा. सकाळी डाग कुठे पडलाय आणि कोणत्या रंगाचा आहे, यावरून निम्मं निदान होतं.

हत्यारं फार लागत नाहीत. 8, 10, 12, 14, 17 आणि 19 मिलिमीटरचे सॉकेट, चाकांसाठी 21 चा, लांब एक्स्टेन्शन, टॉर्क रेंच, मल्टिमीटर आणि टायमिंग लाइट (ठिणगीची वेळ तपासायचा दिवा). जॅकवर मात्र कंजुषी नको. ही गाडी इतकी बुटकी आहे की उंच तोंडाचा जॅक खाली शिरतच नाही. बसक्या तोंडाचाच घ्या. पुढे क्रॉसमेंबरला (चाकांमधल्या आडव्या लोखंडी तुळईला) आणि मागे डिफरन्शियलला (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्याला) जॅक लावता येतो, पण नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जायचं नाही. चार जॅक स्टँड लावा, गाडी हाताने हलवून पाहा, मगच आत सरका. बर्फावर मीठ टाकणाऱ्या राज्यात राहत असाल तर जे बोल्ट खोलायचेत त्यांवर आदल्या रात्रीच गंज सुटायचं तेल मारून ठेवा. बॅटरी डिकीत आहे, तिची निगेटिव्ह तार काढूनच काम सुरू करा. काम शनिवारी सकाळी काढावं. एखादा बोल्ट तुटला तर दुकानं उघडी असतात.

आता ऑइलगळती. याच एका दुखण्यात लोक हजारो डॉलर घालवतात, म्हणून जरा सविस्तर. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून तेल टपकताना दिसलं की गॅरेजवाला म्हणतो, मागचं क्रँक सील (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याभोवतीचं रबरी कडं) गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. त्याला हो म्हणण्याआधी टॉर्च घेऊन हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) मागच्या बाजूला, फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीजवळ) पाहा. तिथे कॅम अँगल सेन्सर (ज्याच्यावरून ठिणगीची वेळ ठरते तो भाग) बसवलेला असतो आणि त्याला एक रबरी ओ-रिंग असते. वर्षानुवर्षं तापून ती कडक होते, तेल हेडच्या पाठीवरून ओघळत थेट त्या सांध्यापर्यंत येतं, आणि दोष सीलवर जातो. आधी ती सगळी जागा डीग्रीझरने धुऊन कोरडी करा, थोडी गाडी चालवा आणि ओल पहिल्यांदा कुठे उमटते ते बघा. सेन्सरच असेल तर काढण्याआधी तो आणि हेड यांच्यावर मिळून एक पांढरी खूण करा. त्याचा 12 चा बोल्ट अडचणीत आहे, हात खरचटतो, घाई करू नका. निघालेली रिंग पाहिली की खात्री पटते: गोल रबर चपटं होऊन प्लास्टिकसारखं कडक झालेलं असतं, बोटांत वाकवलं तर मोडतं. नव्या रिंगेला तेलाचं बोट लावा, सेन्सर खुणेवर बसवा आणि टायमिंग लाइटने तपासा. 1.6 लिटरच्या इंजिनात डायग्नॉस्टिक डबीतल्या टीईएन (TEN) आणि जीएनडी (GND) या दोन पिना वायरने जोडल्यावर टायमिंग 10 अंश यायला हवं. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केटही तपासून घ्या. तेल तिथूनही त्याच वाटेने खाली येतं.

क्लचचं असंच. सकाळी पहिला किंवा रिव्हर्स गिअर कर्रकन पडतो, पेडल पोचट लागतं, आणि माणूस क्लच प्लेटचे भाव विचारायला लागतो. आधी क्लचच्या डबीतलं तेल पाहा. कमी असेल तर गाडीखाली जाऊन स्लेव्ह सिलिंडरची (गिअरबॉक्सजवळच्या, क्लच ढकलणाऱ्या सिलिंडरची) रबरी टोपी जरा उचला. आत ओल असेल तर निदान झालं. मास्टर सिलिंडर (पेडलने दाबला जाणारा) गळत असेल तर पेडलच्या वर ओल दिसते. माझ्या मते दोन्ही एकदमच बदलावेत, कारण एक गेला की दुसरा फार दिवस टिकत नाही. पाइपाच्या नटाला साधा पाना लावू नका, कोपरे झिजतात. फ्लेअर नटचाच पाना हवा. हवा काढताना पेडल दाबायला घरातलं माणूस आधीच सांगून ठेवा.

चढावर गाडी मिसिंग मारत (ठिणगी चुकून झटके देत) असेल तर प्लगच्या वायरी पहिल्या संशयित. या गाडीत त्या लवकर जातात. अंधारात इंजिन चालू ठेवून पाहिलं तर ठिणगी बाहेर उडताना दिसू शकते. 1996 पासूनच्या अमेरिकन गाड्यांना ओबीडी-2 स्कॅनर (गाडीने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) चालतो.

रेडिएटरचं वरचं काळं प्लास्टिक तपकिरी पडलं असेल तर ते फुटायची वाट बघू नका. टायमिंग बेल्ट 60,000 मैलांचा. कधी बदलला याची पावती नसेल तर बदललेलाच नाही असं समजा. 1990 आणि 1991 च्या सुरुवातीच्या गाड्यांत क्रँकच्या पुलीला चार खाचा दिसल्या तर इंजिन चालू असताना ती डगमगते का ते नीट पाहा. तिथली चावी (पुलीला क्रँकवर घट्ट धरणारी छोटी लोखंडी पट्टी) सैल होऊन क्रँक खराब होतो, आणि हे काम घरचं नव्हे.

मागचे ब्रेक करताना लक्षात ठेवा, पिस्टन क्लॅम्पने मागे ढकलायचा नसतो. कॅलिपरमागचा छोटा बोल्ट काढून आत 4 मिलिमीटरची ॲलन की घालायची आणि उलटी फिरवून पिस्टन मागे घ्यायचा. नवे पॅड बसले की पॅड डिस्कला टेकेपर्यंत सुलटी फिरवा आणि एक तृतीयांश फेरा परत. चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे. चाकाचे नट आधी हाताने आट्यांवर बसवा, गाडी जमिनीवर आली की टॉर्क रेंचने 80 फूट-पौंडांच्या आसपास आवळा, आणि पन्नासेक मैलांनंतर पुन्हा एकदा तपासा.