शिक्षणखर्चाची टक्केवारी मांडताना या चुका टाळा

'अमुक देश राष्ट्रीय उत्पन्नाच्या इतके टक्के शिक्षणावर खर्च करतो' हे वाक्य लिहायला अर्धं मिनिट पुरतं. तपासायला बसलं की दुपार जाते, आणि ती दुपार द्यायची कुणाची तयारी नसते. म्हणून अहवाल बदलतात, घोळ तेच राहतात.

सगळ्यात डोकं उठवणारा घोळ म्हणजे दोन वेगळ्या मालिका एकाच रकान्यात कोंबणं. जागतिक बँकेकडे शिक्षणखर्चाची एक मालिका जीडीपीच्या म्हणजे देशात होणाऱ्या एकूण उत्पादनाच्या टक्क्यांत आहे. तिचे आकडे युनेस्कोच्या सांख्यिकी संस्थेकडून येतात आणि त्यात पगारांसोबत इमारती, उपकरणं असा भांडवली खर्चही असतो. दुसरी मालिका 'समायोजित बचती'च्या (शिक्षणावरचा खर्चही देशाच्या बचतीत धरणाऱ्या) हिशेबातली, जीएनआयच्या म्हणजे सकल राष्ट्रीय उत्पन्नाच्या टक्क्यांत. तिच्यात फक्त चालू खर्च, बांधकाम वगळलेलं.

एकदा एका अहवालाचा मसुदा माझ्याकडे तपासायला आला. आलेखातली रेषा बरीच वर्षं सपाट, मग एकदम वर. खाली मथळा तयार: 'शिक्षणाला अखेर प्राधान्य'. मी विचारलं, त्या वर्षी त्या देशात नेमकं काय घडलं? उत्तर नाही. फाइल उघडली तर जीएनआयवाली मालिका मध्येच संपली होती आणि पुढची वर्षं जीडीपीवालीतून भरली होती. सरकारने काहीच केलं नव्हतं, शाळांच्या भिंती तेवढ्या हिशेबात आल्या होत्या. मसुदा लिहिणारा मुलगा म्हणाला, "पण सर, दोन्ही आकडे जागतिक बँकेचेच आहेत ना?" हुशार मुलगा. पण शोधात जे वर आलं ते उचललं, तळटीप उघडलीच नाही.

माझ्या शीटमध्ये प्रत्येक आकड्याशेजारी तीन रकाने असतात: अंशात काय, छेदात काय, वर्ष कोणतं. ते भरल्याशिवाय मी आलेख काढत नाही. कंटाळवाणं आहे, मान्य. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी आलेख काढू नयेत.

छेदाकडे तर कुणी बघतच नाही. आयर्लंडचा जीडीपी २०१५ साली एका वर्षात सुमारे २५ टक्क्यांनी फुगला, कारण बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली मालमत्ता कागदोपत्री तिथे हलवली. शिक्षणाचा पैसा तेवढाच, टक्का मात्र घसरला. शेवटी तिथल्या सांख्यिकी कार्यालयाला 'सुधारित जीएनआय' असं वेगळं माप काढावं लागलं. फिलिपिन्सचं उलट: परदेशातल्या कमाईमुळे तिथे जीएनआय जीडीपीपेक्षा मोठं, म्हणून त्याने भागलं की टक्का कमी दिसतो. २०२० साली अनेक देशांचे टक्के वधारले, कारण महासाथीत छेदच आकसला.

भारताबाबत भांडण ठरलेलं. कोठारी आयोगाने (१९६४-६६) ६ टक्क्यांचं लक्ष्य सांगितलं. आज कुठवर आलो? २०२० च्या शैक्षणिक धोरणात ४.४३ टक्के लिहिलंय, २०२२-२३ च्या आर्थिक पाहणीत २.९. वर्षं वेगळी आहेत, पण एवढी तफावत त्याने पडत नाही. धोरणाने ज्या सरकारी विश्लेषणाचा आधार घेतला, त्यात शिक्षण खात्याबाहेरच्या खात्यांचा शिक्षण-प्रशिक्षणाचा खर्चही मोजतात. खोटं कुणीच बोलत नाही, पण ज्याला जो सोयीचा तो तोच उचलतो. वर काही महाभाग फक्त केंद्राचा अर्थसंकल्प जीडीपीने भागतात आणि बोंब ठोकतात. अहो, मोठा वाटा राज्यांचा असतो!

बाकीच्या चुका एकेका ओळीच्या. ४ वरून ५ टक्के ही '१ टक्का वाढ' नव्हे. ती एका टक्केबिंदूची, म्हणजे २५ टक्क्यांची वाढ. सरकारी खर्चात पालकांनी भरलेली फी नसते. जपानसारख्या कमी मुलांच्या देशाशी तुलना करायची तर दर विद्यार्थी खर्चही शेजारी ठेवा. आणि अर्थसंकल्पी अंदाजाला 'खर्च' म्हणू नका. सुधारित अंदाज येऊ द्या, जमलं तर प्रत्यक्ष खर्चाचे आकडे येईपर्यंत थांबा.