जुन्या आउटबोर्डचा दम गेला तर कुठून तपासायचं

दोरी ओढली की इंजिन सुरू होतं, संथ रेसवर ठीक चालतं, पण पूर्ण रेस दिली की ते रडतं आणि होडी पुढे जोर घेत नाही. कार्बोरेटरवाल्या जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्डची, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनाची, ही नेहमीची तक्रार, आणि त्यावर पहिला हात जातो कार्बोरेटरवर. तो जाऊ देऊ नका. दोष बहुधा त्याच्या आधीच्या वाटेवर असतो: टाकी, पाइप, फुगा (पाइपातला हाताने दाबायचा रबरी गोळा), इंजिनवरचा पेट्रोलपंप.

दम गेलेलं इंजिन पूर्ण रेसवर रेटू नका. टाकीतच तेल मिसळायच्या मॉडेलमध्ये पिस्टनला आणि बेअरिंगला वंगण मिळतं ते पेट्रोलमधूनच. पेट्रोल कमी पोचलं की वंगणही घटतं, शिवाय हवा जास्त झाल्यामुळे उष्णता वाढते. अशा वेळी पिस्टन चिकटतो, नाहीतर त्याला भोक पडतं. रेस कमी करा आणि सावकाश किनारा गाठा.

आधी आवाज ऐका

इंजिन चढ्या आवाजात फिरतंय पण होडी जात नाही, असं असेल तर इंजिन निर्दोष आहे. पंख्याचा मधला रबरी हब सुटला असेल. पंखा काढून आतल्या हबपासून बाहेरच्या भागापर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारा, परत बसवा, पूर्ण रेसवर थोडं चालवा. रेघ तुटलेली दिसली तर हब घसरतोय. पंखा काढलेलाच आहे तर त्यामागे शाफ्टवर जाळ्याचा दोरा किंवा गरीची तंगूस गुंडाळलेली नाही ना, तेही पाहा. ती सील कापते आणि गिअरच्या तेलात पाणी शिरतं. होडीच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चढले असतील तर ते खरवडा. तळ खराब असेल किंवा होडीत पाणी साचलं असेल तर आवाजही दबतो आणि दोष उगाच इंजिनला लागतो.

आवाजच चढत नसेल तर पुढे चला.

पेट्रोलची वाट

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का पाहा. तो बंद राहिला तर टाकीत पोकळी तयार होते आणि पाचदहा मिनिटांनी इंजिन गळपटतं.

मग दोन माणसांनी करायची चाचणी. एकाने सुकाणू धरून पूर्ण रेस द्यावी. दम गेला की दुसऱ्याने लगेच फुगा दाबत राहावं.

फुगा दाबताच इंजिन उठलं, तर पेट्रोलपंपाचा पडदा कडक झालाय किंवा फाटलाय, नाहीतर जोडाच्या ओ-रिंगमधून हवा ओढली जातेय. फुगा आधीच चपटा होऊन बसला असेल, तर अडथळा त्याच्या अलीकडे, टाकीकडे आहे: टाकीतल्या नळीची जाळी, तुंबलेला जोड, किंवा आतून सुटलेलं पाइपाचं अस्तर. हे अस्तर फार फसवतं. पाइप बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आत ओढ वाढली की अस्तर मिटतं. फुगा दाबून काहीच फरक पडला नाही, तर दोष ठिणगीत, कॉम्प्रेशनमध्ये (सिलिंडरातल्या दाबात) किंवा कार्बोरेटरमध्ये. शंका उरली तर दुसऱ्या होडीची चालू टाकी आणि पाइप लावून बघा. याहून चांगला पुरावा नाही.

पावसाळाभर ओढून ठेवलेली होडी नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात उतरवताना जुनं पेट्रोल वापरू नका. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा धरतं आणि जुन्या रबराचे पडदे व पाइप खराब करतं. टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून ठेवा. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसेल. नवं मिश्रण 50:1 असेल तर 1 लिटरला 20 मिली, म्हणजे 24 लिटरच्या टाकीला 480 मिली टीसी-डब्ल्यू३ (टू-स्ट्रोक आउटबोर्डचं) तेल. फार जुन्या मॉडेलला जास्त तेल लागतं. कंपनीने दिलेलं प्रमाणच पाळा.

ठिणगी

प्लग काढून शेजारी शेजारी ठेवा. बदामी रंग ठीक. एकच प्लग काळा, ओला असेल तर तो सिलिंडर पेट घेत नाही. पांढरा पडला असेल आणि त्यावर चकचकीत धातूचे कण असतील तर इंजिन पुन्हा सुरू करू नका, पिस्टन वितळतोय. प्लगच्या टोकांमधली फट, म्हणजे गॅप, पुस्तिकेप्रमाणे ठेवा, प्लगच्या नंबराच्या शेवटी 10 असलेल्या एनजीके प्लगला (उदा. बी7एचएस-10) ती 1.0 मिमी असते. ठिणगीला वीज देणारी कॉइल थंड असताना चांगली आणि तापल्यावर मेलेली असू शकते, म्हणून ठिणगी दम गेल्या गेल्या, गरम इंजिनवरच टेस्टर लावून तपासा. प्लगची वायर मोकळी ठेवून दोरी ओढू नका, ती इंजिनच्या धातूला टेकलेली असावी. आजूबाजूला सांडलेलं पेट्रोल आधी पुसून घ्या.

कॉम्प्रेशन

प्लग निघालेच आहेत, तर गेज लावून टाका. दहा मिनिटांचं काम आहे. सगळे प्लग बाहेर, रेस पूर्ण उघडी, वायरी अर्थ केलेल्या. काटा चढायचा थांबेपर्यंत दोरी चारपाच वेळा ओढा. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा: तो 10 टक्क्यांच्या आत हवा. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजा. आकडा उठला तर रिंगा झिजल्यात किंवा कार्बनने चिकटल्यात. नाही उठला तर हेड गॅसकेट किंवा पिस्टन.

आता कार्बोरेटर

इथवर सगळं ठीक निघालं तरच. इंजिन बंद ठेवून हँडल पूर्ण फिरवा आणि कार्बोरेटरची झडप खरंच पूर्ण उघडते का पाहा. ताणलेली केबल किंवा झिजलेला सांधा असेल तर ती पाऊणच उघडते. मग बाऊल, म्हणजे कार्बोरेटरची खालची पेट्रोलची वाटी, उतरवा. संथ रेस चांगली आणि वरची रेस गेलेली, म्हणजे संशय मेन जेटवर, वरच्या रेसला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोटीवर. क्लीनरचा फवारा आणि दाबाची हवा वापरा, तार घालू नका: भोक जरासं रुंदावलं तरी मिश्रण कायमचं बिघडतं. दोन कार्बोरेटर असतील तर दोन्ही साफ करा. जोडताना गॅसकेट नवं घाला, जुनं तिथूनच हवा ओढतं. मग होडी पाण्यात, भार घेऊन चालवून बघा. पिंपात ठेवलेलं इंजिन कितीही छान वाजलं तरी भाराखालचा दोष त्यात दिसत नाही.